पकडणं, टाका, सोडणं : मोकाट कुत्र्यांच्या कामाच्या नोंदी

शनिवार, 8 नोव्हेंबर 2025

मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीकरणासाठी बाजार समितीचं जुनं शेड अखेर ताब्यात आलं. सोयाबीनचा भुस्सा झाडला, फरशी ब्लीचिंगनं धुतली, भिंतींना चुना मारून घेतला. आत तीन भाग पाडलेत. दाराकडे नव्यानं आणलेली कुत्री, मध्ये ऑपरेशनचं टेबल, मागं टाक्यांनंतरचे पिंजरे. मागची बाजू मुद्दाम भिंतीआड घेतली, कारण रस्त्याचा आवाज तिथं कमी येतो. काम आधी मंजूर झालेलं असल्यामुळे निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकलं नाही. पशुकल्याण मंडळाच्या मान्यतापत्राची प्रत दारावरच लावली आहे.

माणसं : मी, माझ्यासारखीच उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेली एक तरुण डॉक्टर, एक निवृत्त व्रणोपचारक (ड्रेसर) काका, पकडायला मामा आणि त्यांची दोन पोरं, पिंजऱ्यांच्या स्वच्छतेला आणि खाण्याला मावशी. आणि इंग्लंडच्या डॉक्टर. त्या काल रात्री हैदराबादहून बिदरमार्गे पोचल्या. तिकडे त्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात काम करतात, आणि रजा घेऊन, तिकिटाचे पैसे स्वतः भरून आल्या आहेत.

त्यांचं काम काय, हे येण्याआधीच पत्रातून ठरलं होतं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. इथल्या नोंदणीशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही. बाहेरून येणाऱ्या बऱ्याच जणांना हे ऐकून वाईट वाटतं, कारण त्यांना टेबलावर हात चालवायचा असतो. यांनी मात्र स्वतःहूनच लिहिलं होतं : मला सुरी नको, शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्यांपाशी बसायला द्या. ते पत्र वाचलं तेव्हाच या कामाची नस बाईंना कळली आहे, असं मला वाटलं.

सगळ्यांचे रेबीजचे आगाऊ डोस झालेत, पहिल्या आणि सातव्या दिवसाचे. मामांच्या धाकट्या पोरानं सुईच्या भीतीनं दुसरा डोस टाळला होता. तो घेतल्याशिवाय जाळी हातात देणार नाही म्हणालो, तेव्हा घेतला.

काल सर्वोच्च न्यायालयाचा नवा आदेश आला : शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री उचलायची आणि परत त्या जागी सोडायची नाहीत. आपल्या गावात त्याचा अर्थ काय होतो, ते सवडीनं लिहीन.

सोमवार, 10 नोव्हेंबर

पहाटे पाचला मोजणी. दोन मोटरसायकली, चार वॉर्ड. फोनवर नोंद घेत गेलो : नर, मादी, पिल्लू, दूध पाजणारी, कानाला खाच, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, आहे की नाही. खाच जवळजवळ कुठेच नाही.

जे दिसेल असं वाटलं होतं तेच दिसलं. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या आता व्यायलेल्या किंवा व्यायला टेकलेल्या. कुत्रीचा गाभणकाळ सरासरी 63 दिवसांचा, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात लागलेल्या कुत्र्या आत्ता नोव्हेंबरात नाल्याच्या पाइपात, कडब्याच्या गंजीखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पिल्लं घेऊन बसल्या आहेत. पिल्लं अंगावर असलेली कुत्री आम्ही उचलत नाही. तिला पिंजऱ्यात ठेवलं तर बाहेर पिल्लं मरतात, आणि वॉर्डातल्या ज्या बायका तिला भाकरी टाकतात त्या आपल्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवत नाहीत.

खरं तर हे काम आषाढ-श्रावणात व्हायला पाहिजे, माजाच्या आधी. पण तेव्हा शेड गळतं, पिंजरे ओले राहतात, टाके चिघळतात. यंदा तर सप्टेंबरच्या अतिवृष्टीत शेडच्या दारापर्यंत पाणी आलं होतं. म्हणून आत्ता नर, न व्यालेल्या माद्या आणि सगळ्यांना लस. पिल्लांच्या आया पिल्लं सुटल्यावर, जानेवारीत. पुढच्या वर्षी ज्येष्ठात सुरुवात करायची आणि त्याआधी पत्रे बदलून घ्यायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

बुधवार, 12 नोव्हेंबर

आज फक्त पकडण्याचा सराव. एकही ऑपरेशन नाही. नगरपरिषदेच्या एका साहेबांना हे पटलं नाही, आकडा कधी सुरू होणार असं विचारत होते. पण ज्या कुत्र्याला मानेत फास घालून फरफटत आणलं, त्याला कितीही सुबक टाका घातला तरी आपण त्याला दुखवलंच. ते घाबरलेलं कुत्रं धडपड करतं, झोपेचं औषध जास्त लागतं, शुद्धीवर येताना किंचाळतं, आणि गल्लीत परतल्यावर माणसाच्या सावलीलाही भितं. भ्यालेलं कुत्रं चावतं. चिमटा आणि तारेचा फास आमच्याकडे बंद. कड्याला लावलेली कापडी जाळी, पोतं, आणि जमेल तिथं नुसते हात.

मामा तरुणपणी दुसऱ्या एका गावात कुत्री मारण्याच्या कामावर होते. संध्याकाळी ओट्यावर बसून ते बोलले. पिठाच्या गोळ्यात विष घालून द्यायचे, सकाळी गाडी फिरवून गोळा करायचे. "एका सालात अख्खी गल्ली साफ केली बगा डॉक्टर. दुसऱ्या सालाला तितकीच. कुठनं आली? वेशीबाहेरनं आली, खायला हाय म्हणून आली. आन् ती नवी, कुणाला वळखत न्हाईत, जास्त भुकायची." ते हे सांगत होते तेव्हा त्यांचा थोरला पोरगा जाळी उसवली होती तिथं सुतळीनं शिवत होता, आणि मामा बोलता बोलता त्याचा टाका घट्ट करून देत होते.

मोकळ्या झालेल्या जागेत बाहेरची कुत्री येतात, हे आम्ही पुस्तकात वाचलं. मामांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. उद्यापासून वॉर्डात लोकांशी बोलायला मी नाही, मामाच पुढं राहतील.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

ऑपरेशनं सुरू. रात्रीपासून उपाशी ठेवलेली कुत्रीच टेबलावर घेतली. वजन करून भुलीसाठी झायलाझिन-केटामिन, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम आधीच, लांब मुदतीचं अँटिबायोटिक. मादीला कुशीतून लहान छेद, अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढले, आतून विरघळणारा धागा, कातडीचा टाकाही आतूनच. बाहेर दोऱ्याचं टोक राहिलं की कुत्रं चाटून, ओढून जखम उघडतं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला टाके काढायला परत कोण आणणार? भूल असतानाच कानाला व्ही आकाराची खाच आणि रेबीजची लस.

केटामिन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध आहे. कुलपात, वेगळ्या वहीत, मिलिलिटरचा हिशेब रोज संध्याकाळी.

शनिवार, 15 नोव्हेंबर

इंग्लंडच्या डॉक्टरांबद्दल आज सविस्तर लिहायला पाहिजे.

मागच्या भिंतीआड पोत्यावर कुत्री ओळीनं झोपवलेली असतात. बाई जमिनीवर मांडी घालून बसतात, हातात थर्मामीटर आणि घड्याळ. प्रत्येकाची जीभ बाहेर ओढून एका बाजूला, मान किंचित सरळ, म्हणजे श्वास अडत नाही. केटामिनमध्ये कुत्र्याचे डोळे उघडेच राहतात आणि पापणी लवत नाही, म्हणून बुबुळ कोरडं पडतं. त्या दर थोड्या वेळानं डोळ्यांत मलम घालतात आणि तोंडावर ओलसर फडकं टाकतात. थोड्या थोड्या वेळानं ताप, श्वास, हिरड्यांचा रंग. हिरडी बोटानं दाबायची, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हे सगळं आम्हालाही ठाऊक आहे. पण टेबलावर पुढचं कुत्रं वाट बघत असताना मागच्याकडे कुणी सतत बसून राहत नाही. गेल्या कामांमध्ये ती जागा नेहमी रिकामी असायची, किंवा ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला तिथं बसवलं जायचं.

काल एका बांड्या कुत्रीचा ताप ऑपरेशननंतर 96 फॅरनहाइटवर उतरला. कुत्र्याचा नेहमीचा 101 ते 102 च्या आसपास. बाईंनी आरडाओरडा केला नाही. मावशींना हाताच्या खुणेनं गरम पाण्याच्या बाटल्या मागितल्या. मावशींनी बाटल्या आणल्या आणि जराही न सांगता त्या आधी जुन्या लुगड्यात गुंडाळल्या, म्हणजे कातडी भाजणार नाही. पोटाला, काखेला, मांडीत. ताप 100 च्या वर आला तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यानंतर मावशी स्वतःहून थर्मामीटर लावायला शिकल्या. आता आकडा वाचून मला ओरडून सांगतात.

रात्री जेवताना बाईंना तिकडचं विचारलं. ब्रिटनमध्ये रेबीज 1922 पासून नाही. तिथं बेवारस कुत्रं सापडलं तर नगरपालिका सात दिवस मालकाची वाट बघते, मग ते आश्रयगृहात किंवा नव्या घरी जातं, आणि कुठेच जागा नसली तर त्याला कायमचं झोपवलंही जातं. त्या म्हणाल्या, मी ते काम केलं आहे, आणि निरोगी कुत्र्याच्या शिरेत ती सुई घालताना मनात कालवाकालव होते. इथं कुत्र्याला घर नसलं तरी जागा आहे, ओळखणारी माणसं आहेत, हे त्यांना नवीन होतं. मी त्यांना हेही सांगितलं की या जागेची किंमत इथली लेकरंसुद्धा मोजतात, चाव्यानं आणि कधी जिवानं. जगात दरवर्षी अंदाजे 59,000 माणसं रेबीजनं जातात, त्यात आपल्या देशाचा वाटा सगळ्यात मोठा, आणि त्यात लहान मुलं फार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून आमचं काम फक्त कुत्र्यांसाठी आहे असं मी कधीच म्हणत नाही.

सोमवार, 17 नोव्हेंबर

दुपारभर लाईट गेली. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. शीतपेटीत बर्फाच्या लाद्या होत्या, तापमान वहीत लिहिलं, 6 च्या वर गेलं नाही. ऑपरेशनं थांबवली. बॅटरीच्या दिव्यावर पोट उघडायचं नाही, हा नियम कायम.

बुधवार, 19 नोव्हेंबर

भाजी मार्केटमधली तांबडी कुत्री. पकडताना शांत, खाण्यावर कमी. हिरड्या पांढुरक्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडांचे पुंजके, पोटाच्या कातडीखाली बारीक लाल ठिपके. गोचिडतापाची शंका. अशा कुत्रीचं रक्त गोठत नाही. सुरी लावली की आतल्या आत वाहत राहतं आणि टाका घालून झाल्यावर तासाभरानं कुत्री थंड पडते. तिला टेबलावर घेतलं नाही.

औषध डॉक्सिसायक्लिन, रोज, 28 दिवस. पिंजऱ्यात महिनाभर ठेवणं तिच्यासाठी तुरुंगच, आणि आमच्याकडे जागाही नाही. मार्केटमध्ये मेथी-शेपू विकणाऱ्या आजी तिला रोज खायला घालतात, त्यांच्याकडे मामांना घेऊन गेलो. आजींनी आधी आमच्याकडं संशयानं बघितलं. "नेताव कामून आन् आनताव कामून?" मग हिरड्या दाखवल्या, शेजारच्या निरोगी कुत्र्याच्या हिरड्या दाखवल्या. फरक त्यांना लगेच दिसला. गोळी भाकरीच्या तुकड्यात रश्श्यात बुडवून द्यायची, दुधातून नाही, कारण दुधानं या औषधाचा गुण कमी होतो. मागून पाणी पाजायचं, म्हणजे गोळी अन्ननळीत चिकटत नाही. आजींनी गोळ्यांचं पाकीट बटव्यात पैशांच्या कप्प्यात ठेवलं. डिसेंबरअखेर तिला पुन्हा बघायचं. ऑपरेशन त्यानंतर.

लस आज दिली नाही, ताप उतरल्यावर देऊ. वहीत लाल खूण.

गुरुवार, 20 नोव्हेंबर

सकाळी साडेनऊला ओरडतच एक बाप शेडमध्ये आला. कडेवर सात वर्षांचा पोरगा, पिंढरीला दोन खोल दात, रक्त, आणि जखमेत हळद आणि चुना भरलेला. "तुमाला कुत्र्यायची दया हाय, माझ्या लेकराची कुनाला हाय?"

उत्तर द्यायची ती वेळ नव्हती. नळाखाली पाय धरला. चुना, हळद सगळं काढून साबणाचं पाणी, वाहतं, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पोरगं रडत होतं, इंग्लंडच्या डॉक्टरांनी त्याचा हात धरून ठेवला. ही धुण्याची पंधरा मिनिटं फुकट मिळतात आणि तीच सगळ्यात जास्त विषाणू वाहून नेतात, तरी लोकांना ती माहीत नसतात. पोटात चौदा इंजेक्शनं ही जुनी भीती मात्र घरोघर माहीत आहे. मग गाडीत घालून सरकारी दवाखाना. खोल चावा, रक्त आलेलं, म्हणजे तिसऱ्या वर्गाचा. त्याला लसीबरोबर जखमेत भरायचं सीरमही लागतं. लस तिथं मिळाली. सीरम जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल म्हणाले. तसंच पुढं गेलो. दुपारी दोनला सीरम जखमेभोवती भरून झालं. पुढचे डोस 23 आणि 27 नोव्हेंबर, मग 18 डिसेंबर. कागद बापाच्या खिशात, एक फोटो माझ्या फोनमध्ये.

चावली ती त्यांच्याच गल्लीतली व्यालेली कुत्री. पोरानं पिल्लू उचललं होतं. मामांनी तिला पिल्लांसकट आणलं. वेगळा पिंजरा, इतरांपासून लांब, जेवण लांब दांड्यानं. दहा दिवस नजरेखाली. चावते वेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीज असेल तर ते दहा दिवसांत आजारी पडून मरतं. दहा दिवस धड राहिलं तर त्या चाव्यातून रेबीज गेला नाही. पोराचे डोस तोवर थांबवायचे नाहीत.

संध्याकाळी तोच बाप परत आला. काही न बोलता पिंजऱ्यासमोर उभा राहिला, कुत्रीकडं बघितलं, आणि गेला.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर

एसटी स्टँड. आदेशाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

स्टँडवरची कुत्री पकडून, टाके घालून परत तिथंच सोडणं आता चालणार नाही. त्यांच्यासाठी नगरपरिषदेनं निवारा केला पाहिजे. आपल्या नगरपरिषदेकडे निवारा नाही, आणि या शेडमध्ये कुत्री कायम ठेवायला सुरुवात केली तर महिन्यात इथं आजार पसरेल. रात्रीच्या गाडीची वाट बघत बाकावर झोपणारी म्हातारी, आजारी माणसं मी रोज बघतो. त्यांची भीती खरी आहे, आणि आदेश त्या भीतीतून आला आहे. माझी काळजी एवढीच, की स्टँडवर कुत्री का आहेत हे न बघता नुसती उचलली तर मामांनी सांगितलं तसंच होईल. मागच्या भिंतीला भगदाड आहे, आणि त्यापलीकडे हॉटेलांचं उष्टं आणि चिकनच्या दुकानांचा कचरा रोज रात्री पडतो.

आजचा निर्णय : स्टँडवरच्या कुत्र्यांना जागच्या जागी जाळीत धरून लस, डोक्यावर हिरव्या रंगाची खूण, लगेच मोकळं. ऑपरेशनसाठी नेणं निवाऱ्याची जागा ठरेपर्यंत थांबवलं. मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं, त्यात तीन मागण्या : निवाऱ्यासाठी जागा, भिंतीचं भगदाड बुजवणं, कचऱ्याची गाडी रात्री दहानंतर एकदा. आगारातल्या वाहतूक नियंत्रकांनी पत्रावर सोबत सही केली.

बुधवार, 26 नोव्हेंबर

चंपाषष्ठी. आज ऑपरेशन ठेवलं नव्हतं, आणि तेच बरं केलं.

आमच्याकडं घरोघर खंडोबाचं ठाणं. सकाळपासून वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात, आणि तळी भरल्यावर कुत्र्याला नैवेद्य. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. अकराच्या सुमारास शेडच्या दाराशी बायकांची रांग लागली, पितळी ताटं पदराखाली झाकलेली. "देवाची कुत्री तुमी कोंडून ठिवलाव, मग निवद कुठं दावावं?" बोलण्यात राग नव्हता, अडचण होती. गल्लीत कुत्री कमी दिसत होती.

उद्या ज्यांचं ऑपरेशन त्यांना रात्रीपासून उपाशी ठेवायचं, पण दुपारी खायला हरकत नव्हती. मसालेदार भरीत आणि कांदा मात्र नको, कांदा कुत्र्याच्या रक्ताला वाईट. मावशींनी दारात पाट मांडला आणि ताटांतून नुसता रोडगा वेगळा काढून घेतला, हळद-कुंकू पिंजऱ्याच्या गजाला. बायकांनी आत येऊन प्रत्येक पिंजऱ्यासमोर हात जोडले. इंग्लंडच्या डॉक्टर बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यांच्याही हातावर भंडारा ठेवला. एका बाईनं त्यांच्या गल्लीचं काळं कुत्रं ओळखलं, कानाची खाच बघितली आणि विचारलं, दुखतं का? मी म्हणालो, झोपेत केलंय. मग ती इतरांना सांगत सुटली की खाच असलेलं कुत्रं म्हणजे औषध झालेलं कुत्रं. इतके दिवस आम्ही पत्रकं वाटत होतो, ती एका दुपारी मागं पडली.

चार वॉर्डांतल्या बायकांनी स्वतःहून सांगितलं की आमच्या गल्लीतलं कुत्रं आम्हीच धरून आणून देतो. मामांनी त्यांना वेळ दिली.

रविवार, 30 नोव्हेंबर

दहा दिवस पुरे. पिल्लांची आई ठणठणीत, खाते, पाजते, लाळ नाही, डोळे स्वच्छ. बाप रोज येत राहिला होता. पहिले काही दिवस लांबून बघायचा. नंतर खाली बसून पिल्लांकडं बघायला लागला. आज त्याच्यासमोर तिला लस दिली, त्यानं सिरिंजमधलं औषध हातात घेऊन बघितलं. पोराचा सातव्या दिवसाचा डोस झाला आहे, तेही त्यानंच कागद काढून दाखवलं.

"परत आमच्याच गल्लीत सोडताव का?" मी हो म्हणालो, पण आधी त्याला विचारतोय असंही म्हणालो. तिला दुसरीकडे टाकलं तर ती पिल्लांसकट मारामारीत सापडेल, किंवा चालत घरी येताना रस्त्यावर मरेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, दारापुढं नको, मागं मोकळ्या प्लॉटात पत्रा टाकून देतो, लेकरायला तिकडं जाऊ देत न्हाई. पिल्लांना तीन महिन्यांनी लस, आईचं ऑपरेशन पिल्लं सुटल्यावर. त्याचा नंबर वहीत.

मंगळवार, 2 डिसेंबर

मतदान. भोंगे बंद झाल्यापासून गावातली कुत्री निवांत झोपलेली दिसतात. प्रचाराच्या गाड्यांमुळे गेले काही दिवस पहाटेशिवाय पकडणं जमत नव्हतं. आज काम बंद, पिंजरे धुणं आणि औषधांचा साठा मोजणं.

शनिवार, 6 डिसेंबर

थंडी वाढली. रात्री पिंजऱ्यांवर पोती, खाली कडबा. सकाळी दव ओसरेपर्यंत पहिलं ऑपरेशन सुरू करायचं नाही.

सोडण्याबद्दल. टाक्यांनंतर चार दिवस ठेवतो, जखम कोरडी असेल तरच सोडतो. पकडल्याची जागा पाटीवर आणि फोटोत असते, त्याच कोपऱ्यावर, उजाडताना, गाडीचं दार रस्त्याकडं नाही तर कुत्र्याच्या बसायच्या जागेकडं. इंग्लंडच्या डॉक्टर आज शेवटच्या फेरीला सोबत होत्या. झाकण उघडल्यावर कुणीही हाकलायचं नाही, काठी आपटायची नाही, त्यानं स्वतः उतरायचं. भुरक्या नरानं बराच वेळ बाहेर बघितलं, उतरला, सलूनच्या पायरीपाशी आपली जागा हुंगली आणि तिथंच आडवा झाला. सलूनवाल्यानं शटर वर करता करता त्याला नावानं हाक मारली.

मंगळवार, 9 डिसेंबर

बाई काल गेल्या. जाताना शुद्धीवर येणाऱ्या कुत्र्यांसाठी त्यांनी बनवलेला तक्ता मावशींच्या हातात दिला : वेळ, ताप, श्वास, हिरडी, सही. सहीच्या रकान्यात गेल्या आठवड्यापासून मावशींचीच अक्षरं आहेत.

परदेशातून किंवा पुण्या-मुंबईहून इथं यायची इच्छा असलेल्या डॉक्टरांची पत्रं येतात. त्यांना आता हेच लिहिणार आहे. ऑपरेशनचा आकडा वाढवायला येऊ नका, त्यासाठी इथली मुलं तयार होत आहेत. आधी स्वतःचे रेबीजचे डोस घ्या. नोंदणीचा नियम समजून घ्या. शक्य झालं तर ज्येष्ठात या, भाद्रपदाच्या आधी. आणि जे काम तुम्ही गेल्यावर इथल्या माणसाच्या हातात राहील, तेच धरा.

शनिवार, 13 डिसेंबर

वेशीबाहेरच्या तांड्यावर आणि शेतवस्त्यांवर लसीकरण. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांची कुत्री मागं राहिली आहेत. कुलूपबंद दारापुढं बसून असतात, उपाशी, आणि रात्री शेळ्यांच्या कळपाकडं वळतात. काही जणांनी म्हाताऱ्यांकडं पीठ ठेवून जाऊन सोय केली आहे, सगळ्यांना ते परवडत नाही. लस दिली. मुकादमांशी बोलून पुढच्या वर्षी टोळ्या निघण्याआधी इथं दोन दिवस शेड लावायचं.

गावातली पडताळणी काल पहाटे केली. लस दिलेल्यांवर रंगाची खूण असते, म्हणून खूण असलेली आणि नसलेली वेगवेगळी मोजायची. दहातल्या किमान सात कुत्र्यांना लस झालेली असेल तरच रेबीजची साखळी तुटते, आणि तीही दरवर्षी लस दिली तर. मार्केट आणि जुन्या गावात सातच्या वर आहोत. स्टँडच्या मागची बाजू आणि नदीकाठ अजून दहात पाचवर अडकले आहेत. सोमवारी पहाटे तिथं दुसरी फेरी, मामा आणि दोन्ही पोरं, दोन जाळ्या.

बाकी राहिलेलं : मुख्याधिकाऱ्यांच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही, बुधवारी जाऊन भेटायचं. भगदाड अजून तसंच आहे. मेथीवाल्या आजींकडं गोळ्यांचं दुसरं पाकीट पोचवायचं. आणि पोराच्या बापाला फोन : 18 तारखेला चौथा डोस आहे, त्याच दिवशी माळेगावची यात्रा लागते आणि ते सगळे सहकुटुंब निघतात. सकाळी दवाखान्यात जाऊन डोस घेतल्यावरच गाडीत बसा, हे सांगायचं.